शेऱ्याचा कॉलम उडवू नका हो

सरकारी भूजल खात्यात काम करते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग आमच्या रानात पाणी कुठं लागेल तेवढं सांगा की." दुसरा प्रश्न, "तुम्ही पण हातावर नारळ घेऊन फिरता का?" नाही हो. नारळवाले पाणाडे वेगळे, त्यांचा रेट पण वेगळा. मी कॉम्प्युटरसमोर बसते आणि विहिरींचे आकडे नीट लावते. यालाच डेटा मॅनेजमेंट म्हणतात म्हणे. घरच्यांना अजून वाटतं की मी टायपिस्ट आहे, आणि काही दिवस खरंच तसे असतात, पण या कामात जे बघायला मिळालं ते जिऑलॉजीच्या कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हतं म्हणून लिहून काढतेय.

एमएस्सी झाल्यावर कंत्राटी पोस्टवर एका जिल्हा ऑफिसला लागले. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, भीमेच्या खोऱ्यातला आहे, वर काळी माती, खाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या खडक आणि त्याच्याखाली काळा पाषाण, आता एवढ्या वर्णनात निम्मा महाराष्ट्र बसतो त्यामुळे ओळखायच्या भानगडीत पडू नका.

थोडं बॅकग्राउंड द्यावं लागेल. राज्यभर मिळून चार हजारांच्या आसपास निरीक्षण विहिरी आहेत. त्यातल्या बहुतेक काही खास खणलेल्या नाहीत, शेतकऱ्यांच्याच साध्या उघड्या विहिरी आहेत, कुठं गावची जुनी पिण्याच्या पाण्याची. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर, आमचा माणूस जातो, वजन बांधलेली टेप आत सोडतो आणि पाणी किती खोल आहे ते लिहून आणतो. मे महिन्यात पातळी सगळ्यात खाली, ऑक्टोबरमध्ये पावसाळा पिऊन सगळ्यात वर. या दोन्हीतला फरक गुणिले पाणलोटाचं क्षेत्रफळ गुणिले स्पेसिफिक यील्ड, म्हणजे खडकातून प्रत्यक्ष निथळून हाती लागणारं पाणी किती टक्के, एवढा गुणाकार केला की पावसाळ्यात जमिनीत साधारण किती मुरलं ते निघतं. केंद्राच्या मेथडॉलॉजीत वाळूच्या गाळाला हे प्रमाण १६ टक्के धरतात आणि आपल्या झिजलेल्या बेसॉल्टला २ टक्के. फक्त २. तरी १०० चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पातळी १ मीटर वर आली तर २० लाख घनमीटर पाणी होतं. म्हणजे विहिरींच्या सरासरीत १ मीटरचा घोळ झाला तर २० लाख घनमीटर पाणी कागदावर येतं नाहीतर कागदावरून जातं, आणि जमिनीत मात्र काहीच हललेलं नसतं.

मग उपसा किती होतो ते या मुरलेल्या पाण्याशी ताडून टक्केवारी काढतात. ७० पर्यंत सेफ, ७० ते ९० सेमी-क्रिटिकल, ९० ते १०० क्रिटिकल, आणि शंभरीच्या पुढे ओव्हर-एक्सप्लॉइटेड. ही नुसती अहवालात रंगवायची कॅटेगरी नाहीये, सरकारी योजनेतून नवीन विहीर मिळणार का नाही ते बऱ्याचदा यावर ठरतं. गावातला माणूस वर्षभर पंचायत समितीत चकरा मारतो आणि त्याला सांगतात तुमचा पाणलोट बसत नाही, त्याच्यामागे कुठंतरी हे असे आकडे असतात.

तर माझं काम असं होतं की जिल्ह्याच्या निरीक्षण विहिरींची गेल्या काही दशकांची सगळी मोजमापं एका फॉरमॅटमध्ये आणायची, तपासायची आणि वर पाठवायची. फॉरमॅट वरून आला होता. विहीर क्रमांक, गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश, रेखांश, विहिरीची खोली, तारीख, पातळी. झालं. आणि समोर ठेवलेली रजिस्टरं बघितली तर तिथं एक कॉलम जास्त होता, सगळ्यात उजवीकडे, सगळ्यात अरुंद, त्यावर लिहिलेलं "शेरा". फॉरमॅटमध्ये तो नव्हता. तेव्हा वाटलं की बरं झालं, तेवढंच टायपिंग कमी.

रजिस्टरं म्हणजे लांब लेजर, कापडी बाइंडिंग, काही पानांना वाळवी लागलेली, आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर "फेरी मे १९९१", "फेरी ऑक्टोबर १९९१" असं लाल शाईत. त्याखाली विहिरींच्या ओळी. यातलं बरंचसं आधीच कोणीतरी कधीतरी कॉम्प्युटरवर चढवलेलं होतं, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांनी, त्यामुळे मला एकाच विहिरीच्या तीन-तीन फाइल्स मिळाल्या आणि तिन्हींत आकडे वेगळे. साहेब म्हणाले, सोपंय, एकाखाली एक चिकटवा आणि डुप्लिकेट उडवा. सोपं असतं तर कंत्राट कशाला काढलं असतं!

पहिलं लफडं तारखांचं. ग्राफ काढला तर काही वर्षं उलटी दिसत होती, म्हणजे मे मध्ये विहिरी भरलेल्या आणि ऑक्टोबरमध्ये तळाला. एक-दोन विहिरी असत्या तर सोडून दिलं असतं, पण अशा विहिरी ढिगाने होत्या. बराच वेळ डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की त्या फाइलमध्ये काही तारखा सेलच्या डावीकडे चिकटल्यात आणि काही उजवीकडे. १३ पासून पुढच्या तारखा डावीकडे, कारण एक्सेलने त्यांना तारीख मानलंच नव्हतं, आणि १२ पर्यंतच्या उजवीकडे, कारण त्या त्याने अमेरिकन पद्धतीने आधी महिना मग दिवस अशा वाचून मुकाट्याने उलटवल्या होत्या. ०५/१०, म्हणजे ५ ऑक्टोबर, झाला १० मे. १०/०५, म्हणजे १० मे, झाला ५ ऑक्टोबर. आता गंमत बघा, आपले महिने १, ३, ५ आणि १०. फेऱ्या बहुतेक पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे ३ जानेवारी जाऊन १ मार्च होतो, १ मार्च जाऊन ३ जानेवारी होतो, आणि अशा तारखांना कुठंच एरर येत नाही कारण उलटवलेली तारीख पण कुठल्यातरी खऱ्याच फेरीची वाटते. वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी मुद्दाम एक्सेलला फसवायचं म्हणून महिने निवडले असते तरी एवढं जमलं नसतं. यातून सुटका केली पानावरच्या लाल शाईच्या हेडिंगनी. प्रत्येक नोंद परत रजिस्टरच्या फेरीशी लावली आणि फाइलमध्ये तारखेबरोबर "फेरी" असा वेगळा कॉलम टाकला, मजकूर म्हणून, तारीख म्हणून नाही. जे कोणी सरकारी ऑफिसात एक्सेल वापरतात त्यांनी एवढं एक कराच.

मग आले शून्य. मे महिन्यात कितीतरी विहिरींची पातळी ०. पातळी जमिनीपासून खाली मोजतात, त्यामुळे ० म्हणजे विहीर काठोकाठ भरलेली, भर मे महिन्यात, आमच्याकडे! साहजिकच कोरड्या विहिरी होत्या. टाइप करणाऱ्याला आकड्याच्या सेलमध्ये "कोरडी" लिहिता येईना म्हणून त्याने ० टाकला. दुसऱ्या फाइलमध्ये दुसऱ्याने सेल रिकामा सोडला. तिसऱ्याने विहिरीची पूर्ण खोली टाकली. एकाने ९९. आता रिकामा सेल सगळ्यात निरुपद्रवी वाटतो ना? तोच सगळ्यात घातकी. दुष्काळाचं वर्ष घ्या, २०१२-१३ घ्या. ज्या विहिरी आटल्या त्या रिकाम्या, म्हणजे सरासरीतून बाहेर. सरासरीत उरल्या कोण, तर कॅनॉलच्या, नदीच्या काठच्या, ज्यांना तेव्हाही पाणी होतं. म्हणजे दुष्काळ जितका वाईट तितकी जिल्ह्याची सरासरी पातळी चांगली दिसते. हे मी ग्राफवर बघितलं तेव्हा खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले.

आणि रिकामा सेल म्हणजे कोरडीच असंही नाही. रजिस्टर काढलं, शेऱ्याचा कॉलम बघितला, तर तिथं: "को." "मालक गैरहजर, कुलूप." "पुलावर पाणी, जाता आलं नाही." "तळाला गाळ, टेप गाळात." चारही ठिकाणी आकडा नाही, पण चारही गोष्टी वेगळ्या. कोरडी असेल तर आपल्याला एक पक्की गोष्ट कळते की पाणी तळाच्याही खाली आहे. पुलावर पाणी असेल तर विहिरीबद्दल काहीच कळत नाही, पावसाबद्दल कळतं.

इथून मी शेरा वाचायला लागले. आणि मग थांबवेना.

"मो.चा." म्हणजे मोटर चालू. पाच अश्वशक्तीची मोटर तास-दोन तास चालली की विहिरीतली पातळी खाली जाते, मोजलेला आकडा जमिनीतल्या पाण्याचा नसतो, शेतकऱ्याच्या उसाचा असतो. मोजणाऱ्याने इमानदारीत लिहिलंय की मोटर चालू होती. फाइलमध्ये फक्त आकडा आलाय.

"आ.चा." मला काही केल्या उलगडेना. आमच्या ऑफिसातून रिटायर झालेले एक सर्वेक्षक काका आहेत, पेन्शनच्या कुठल्यातरी कागदासाठी येतात आणि मामांच्या हातचा चहा घेऊन जातात, त्यांना पकडलं. काकांनी चष्मा वर केला, पान जवळ घेतलं आणि म्हणाले, "हे माझंच अक्षर आहे की! आवर्तन चालू." म्हणजे उजनीच्या कॅनॉलला पाणी सोडलेलं. उन्हाळ्याच्या आवर्तनात कॅनॉलखालच्या विहिरी भर मे मध्ये मीटर-दीड मीटर वर येतात. आता वरच्या तपासणीत काय होतं, तर मार्चपेक्षा मे ची पातळी वर असेल तर सॉफ्टवेअर लाल करतं, संशयास्पद नोंद, दुरुस्त करा. आणि "दुरुस्त" करणारे लोक मग ती नोंद उडवतात किंवा मार्चच्या आकड्यावरून अंदाजे भरतात. म्हणजे बरोबर मोजलेलं पाणी चूक म्हणून बाद. त्या विहिरीला आवर्तनाचं पाणी मिळतं ही गोष्ट पाण्याच्या हिशोबात महत्त्वाची आहे, कारण पावसाचं रिचार्ज वेगळं धरतात आणि कॅनॉलमधून मुरणारं वेगळं. शेरा असेल तर ती माहिती आहे, शेरा काढला तर तीच नोंद घाण होते.

काकांना मग मी सोडलंच नाही. ते येतील तेव्हा त्यांच्यासमोर दोन-चार रजिस्टरं ठेवायची. "वि.उ." म्हणजे विहीर उपसलेली, गाळ काढायला. "टँ.भ." म्हणजे टँकर भरतात, म्हणजे प्रशासनाने विहीर अधिग्रहित केलीय आणि दिवसभर उपसा चालूय. "क.न." म्हणजे कठडा नवीन. हे शेवटचं ऐकून माझे कान टवकारले, कारण कठड्याने मला आधीच छळलं होतं.

विहिरीत टेप सोडताना ती कठड्यावरून सोडतात. पातळी हवी जमिनीपासून. म्हणून कठड्याची उंची वजा करायची. आता एखाद्याने कधीच वजा केली नाही तरी फार बिघडत नाही, कारण मे आणि ऑक्टोबरच्या फरकात ती उंची आपोआप कटते. आकडा चूक, फरक बरोबर. पण मे मध्ये एकाने वजा केली आणि ऑक्टोबरमध्ये दुसऱ्याने केली नाही की मग फरकच गेला. आणि शेतकऱ्याने मधेच कठडा वाढवला, पोरं वाकतात म्हणून, की त्या दिवसापासून पुढं कायम पाणी तेवढं खोल गेलेलं दिसतं. मला एका विहिरीच्या ग्राफमध्ये अशी पायरी दिसत होती, अचानक ९० सेंटिमीटर खाली आणि मग तिथंच. मी पावसाचे आकडे काढले, आसपास नवीन बोअर झाले का विचारलं, खडकाच्या फटींबद्दल काहीतरी हुशारीचं वाक्य पण मनात तयार केलं. रजिस्टरमध्ये त्या फेरीला लिहिलेलं: "क.न. ०.९०". वर्षानुवर्षं ती नोंद तिथं होती. तीन फाइल्समध्ये एकदाही आली नव्हती.

काही शेरे असे होते की त्यांचं काय करायचं तेच कळेना. ऑक्टोबर १९९३ च्या फेरीत, पूर्वेकडच्या तालुक्यात, एका विहिरीपुढं: "पाणी गढूळ. मालक सांगतो भूकंपापासून." किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. मोजणारा माणूस त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथं गेला असणार, रस्त्यात काय बघितलं असेल कोण जाणे, आणि त्याने टेप सोडली, आकडा लिहिला, आणि पुढं हे एक वाक्य लिहिलं. भूकंपाने विहिरीचं पाणी बदलतं हे जिऑलॉजीवाल्यांना माहीत असतं, पण हे कोणी विचारलं नव्हतं, फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. सरकारी माणूस फक्त पाट्या टाकतो असं म्हणणाऱ्यांना मी ते पान दाखवते.

काही ठिकाणी शेरा पण नव्हता, तिथं गाडी काढून जावं लागलं. एका विहिरीची पातळी एका वर्षी पाच मीटर खाली घसरली आणि परत कधीच वर आली नाही, नोंदवलेली खोली पण बदललेली. मला वाटलं खोली वाढवली असेल, लोक खोदतातच, आत आडवे बोअर पण मारतात. गेलो. वयस्कर मालक, पारावर बसलेले. मी विहिरीचा नंबर, जुनी खोली सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, ती विहीर न्हवं ही. ती थोरल्याच्या वाटणीला गेली. तुमचा माणूस पूर्वी तिकडंच मोजायचा, बाभळीपाशी. वाटण्या झाल्यावर म्या म्हणलं आता हितं मोजा, तिकडं आमचं बोलणं न्हाई."

म्हणजे दोन भावांचं बोलणं बंद झालं आणि सरकारदप्तरी भूजल पाच मीटर खाली गेलं. विहीर क्रमांक तोच, गट नंबर वेगळा, विहीर वेगळी. आम्ही मग त्या नंबरची सिरीज तोडून दोन विहिरी केल्या, जुनी बंद, नवीन चालू, त्या-त्या तारखेसह. हे करायला फॉरमॅटमध्ये सोय नव्हतीच, पण नवीन क्रमांक मागून घेता येतो, अर्ज करावा लागतो, आला एकदाचा.

अक्षांश-रेखांशाचं पटकन सांगते कारण त्यावर बोलायला लागले तर रात्र होईल. जुन्या विहिरींची ठिकाणं टोपोशीटवरून, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील नकाशांवरून वाचलेली, त्या शीट एव्हरेस्ट नावाच्या जुन्या मापावर. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ वर. दोन्ही आकडे दिसायला सारखेच, पण आपल्या भागात तीच जागा शंभर-दीडशे मीटर सरकते. एवढ्यात विहीर ओढ्याच्या पलीकडं जाते, आणि पाणलोटाची हद्द तिथून गेली असेल तर पाणलोटच बदलतो. वर परत काहींनी १७ अंश ४५ मिनिटं हे १७.४५ असं टाइप केलेलं, खरं तर १७.७५ हवं, म्हणजे विहीर सरळ ३३ किलोमीटर दक्षिणेला. ही दुसरी चूक एक हिशोबी युक्ती करून पकडता येते, पॉइंटनंतरचे दोन आकडे कधीच ६० किंवा त्याच्या वर जात नसतील तर समजायचं की ती मिनिटं आहेत. मी पकडल्या बऱ्याच.

गावांच्या नावांचं तर विचारूच नका. जुन्या वर्ड फाइल्स युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, कोणी श्री-लिपी, कोणी कृतिदेव, एक्सेलमध्ये चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ते बदलून घ्यायला कन्व्हर्टर असतात पण ते ऱ्या आणि र्‍या मध्ये गोंधळ घालतात, डोळ्याला सारखं दिसतं, कॉम्प्युटरला वेगळं, त्यामुळे एकच गाव यादीत दोनदा. एका तालुक्यात पिंपळगाव किती असावेत याला काही मर्यादा? बुद्रुक आणि खुर्द लिहिलेलं असेल तर नशीब. शेवटी नावावर विश्वासच ठेवायचा नाही असं ठरवलं आणि प्रत्येक विहिरीला २०११ च्या जनगणनेचा गावाचा कोड लावला. कोड भांडत नाही, आणि जिल्हा-तालुके फुटले, नावं बदलली तरी विहीर आपल्या गावात राहते.

आता मूळ भांडण. मी साहेबांकडे गेले की फॉरमॅटमध्ये शेऱ्याचा कॉलम वाढवू. साहेब म्हणाले, "वाढवता येत नाही, कॉलम वाढवला की अपलोड रिजेक्ट होतं." खरं होतं ते, मी करून बघितलं, पूर्ण फाइल परत आली. मग म्हणाले, "आणि शेऱ्याचं करणार काय? सरासरी निघते का शेऱ्याची?" यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. साहेब वाईट नाहीत हां, त्यांच्या डोक्यावर अहवालाची तारीख होती, आणि राज्यभरातून असे जिल्हे एकत्र यायचे तर फॉरमॅट एकच पाहिजे हेही बरोबरच आहे. मोकळ्या मजकुरावर गणित चालत नाही. पण मोकळा मजकूर फेकून दिला तर गणित कशावर चाललंय तेच कळत नाही.

शेवटी मी दोन गोष्टी केल्या. एक, वरच्या फॉरमॅटप्रमाणे फाइल दिली, गुमान. दुसरी, जिल्ह्यापुरती एक वेगळी शीट केली, विहीर क्रमांक आणि फेरी यावरून मूळ फाइलला जोडलेली, त्यात प्रत्येक शेरा जसाच्या तसा, काकांच्या "मो.चा." सकट, आणि त्याच्या शेजारी मी दिलेला एक छोटा कोड. कोरडी. मोजता आली नाही. उपसा चालू. आवर्तन. मोजायची जागा बदलली. विहीरच बदलली. बाकी. एवढेच. मूळ शब्द ठेवायचेच, कारण उद्या माझा कोड कोणाला पटला नाही तर त्याला मागं जाता आलं पाहिजे. पुढं एकदा वरच्या ऑफिसचे लोक आकडे परत तपासायला आले, लाल झालेल्या नोंदींची यादी घेऊन, तेव्हा मी ती शीट बाजूला उघडून ठेवली आणि एकेक सांगत गेले, ही आवर्तन, ही कठडा, ही टँकर. लाल यादीतल्या बऱ्याच नोंदी तशाच राहिल्या, कोणी उडवल्या नाहीत. साहेब त्या दिवशी काही बोलले नाहीत पण नंतरच्या मीटिंगमध्ये "आमच्याकडे शेऱ्यांचा डेटाबेस आहे" असं त्यांनीच सांगितलं. चालायचंच!

कोणी म्हणेल की आता हे सगळं जुनं झालं, आता आपोआप मोजणारी यंत्रं आलीत. आलीत खरी. बोअरमध्ये सेन्सर सोडलेला असतो, दिवसातून चार-चार वेळा आकडा पाठवतो, सिमकार्डवरून. ग्राफ बघून आमच्याकडचा एक नवीन मुलगा धावत आला, "मॅडम, पाणी रोज दोनदा वर-खाली होतंय, भरती-ओहोटीसारखं!" भीमेच्या खोऱ्यात समुद्र कुठून येणार. हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर जातो, दुपारी चारला खाली, रात्री परत तेच, आणि सेन्सर पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो, तो वजा केला नाही तर तीन-चार सेंटिमीटरची झुळझुळ दिसत राहते. तेवढं वजा करता येतं. पण बॅटरी बदलायला गेलेल्या माणसाने केबल परत सोडताना ती अर्धा मीटर वर बांधली, हे सेन्सर सांगत नाही. ते त्या माणसाने कुठंतरी लिहायला पाहिजे. आकडे हजारोंनी वाढले आणि शेरे शून्यावर आले, अशी आत्ताची परिस्थिती आहे.

आणि हो, विहिरी मोजायला पण आता मोबाइल ॲप आहे. जागेचा जीपीएस आपोआप, फोटो आपोआप, तारीख आपोआप, त्यामुळे माझे अर्धे रडगाणे मिटले, खोटं कशाला बोलू. कठड्याची उंची वेगळी भरावीच लागते, वजाबाकी ॲप करतं. आणि त्यात शेरा पण आहे! वरच्या ऑफिसने जिल्ह्यांकडून सूचना मागवल्या होत्या तेव्हा मी ती कोडची यादी पाठवली होती, त्यातले बरेचसे जसेच्या तसे घेतलेत, ड्रॉपडाऊनमध्ये. आवर्तन मात्र गाळलंय, का कोण जाणे, कोकणात बसून यादी फायनल केली असावी.

पहिल्या फेरीचा डेटा आला तेव्हा मी आधी शेराच उघडला. जवळजवळ सगळीकडे "सामान्य". मोटर चालू असताना फोटोत पाण्याची धार दिसतेय, शेरा "सामान्य". तळाला चिखल, शेरा "सामान्य". कारण सोपं आहे, यादीत "सामान्य" पहिलं आहे आणि ॲप उघडलं की तेच आधीपासून सिलेक्ट झालेलं असतं, उन्हात उभं राहून एका हातात टेप आणि एका हातात मोबाइल धरलेला माणूस खाली स्क्रोल करत बसणार नाही, मी पण नसते बसले. मी लिहून दिलंय की डिफॉल्ट रिकामं ठेवा, काहीतरी निवडल्याशिवाय सेव्ह होऊ देऊ नका, आवर्तन टाका, आणि खाली चार शब्द मोकळे लिहायला जागा द्या. ॲप बनवणाऱ्यांकडून उत्तर आलंय की पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. तोवर आमच्या जिल्ह्यापुरतं मी मोजणाऱ्या मुलांना सांगितलंय की शेरा मला व्हॉट्सॲपवर टाका, विहीर नंबर आणि दोन शब्द बास. टाकतात बिचारे. काल एकाने टाकलंय, "मॅडम विहिरीत म्हैस पडलेली, काढायला मोटर लावून पाणी उपसलंय, पातळी धरू नका." याला कोड कुठला द्यायचा ते बघतेय, बहुतेक "उपसा चालू" मध्येच जाईल.